पाणी पाचव्या दिवशी येतं, मग कोरडा दिवस पाळायचा कसा? हौद, बॅरल आणि डेंग्यूच्या अळ्या

गल्ली_समिती_पूर्वभाग

सोलापुरात पूर्वभागातली आमची गल्ली, 42 घरं. नळाला पाणी पाचव्या दिवशी सुटतं, कधी सहाव्या. त्यामुळे प्रत्येक घरी जमिनीतला हौद, अंगणात दोन-तीन निळे बॅरल, वर पाचशे लिटरची काळी टाकी. गेल्या पंधरा दिवसांत तापाचे पेशंट वाढलेत, दोघांचा डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय.

समितीने घरोघरी सांगायचं ठरवलं, पण लोकांच्या प्रश्नांना आमच्याकडे नीट उत्तरं नाहीत.

एक, "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा" म्हणतात. रविवारी हौद ओतला आणि पाणी बुधवारी येणार असेल तर तीन दिवस काय करायचं? लोक सरळ नाही म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही.

दोन, बहुतेकांचं म्हणणं, "आमच्या हौदात उजनीचं स्वच्छ पाणी आहे, झाकलेलं आहे, डास त्या गटारातून येतात. आधी गटार साफ करा, धूर मारा."

तीन, आरोग्यवाले हौदात औषध टाकून जातात आणि ते गेले की निम्मी घरं पाणी ओतून टाकतात, वास येतो म्हणून. काही जण म्हणतात आम्ही टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, मग अळ्या कशा होतील.

नेमकं काय करायचं, किती, कधी, हे कुणी पायरीपायरीने सांगेल का?

कीटकसेवक

तुमच्या पहिल्या प्रश्नातच उत्तर आहे. कोरडा दिवस रविवारला बांधू नका, पाण्याच्या पाळीला बांधा. पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी हौद आणि बॅरल तसेही तळाला गेलेले असतात. तीच वेळ घासायची. एक घागरभरही जास्तीचं पाणी वाया जात नाही.

आता हे का चालतं, ते समजून घ्या. लोकांना कारण सांगितलं की ते ऐकतात.

डेंग्यू, चिकुनगुनियाचा डास म्हणजे एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे. हा गटारात वाढत नाही. गटारातला तो क्युलेक्स, रात्री चावणारा, त्याच्यामुळे हत्तीरोग होऊ शकतो. एडिसला साठवलेलं, स्थिर, तुलनेनं स्वच्छ पाणीच लागतं, म्हणजे आपलाच हौद. तो फार लांब उडतही नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणून तुमच्या गल्लीत पेशंट असतील तर त्यांना चावलेला डास बहुधा तुमच्याच गल्लीतल्या एखाद्या भांड्यात वाढलेला असतो.

मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काजळाचे कण असावेत इतकी बारीक, काळी. आता तुमच्या हौदाचा विचार करा. पहिल्या दिवशी काठोकाठ, दुसऱ्या दिवशी वीतभर खाली, पाचव्या दिवशी तळाला. रोज रेषा खाली सरकते आणि रोज नव्या रेषेवर अंडी पडतात. पाचव्या दिवशी भिंतीवर वरपासून खालपर्यंत अंड्यांचा पट्टा तयार असतो. सहाव्या दिवशी पाणी सुटलं, हौद भरला, की तो सगळा पट्टा एकदम पाण्याखाली जातो आणि अंडी फुटायला लागतात. नुसतं वाळवून ती मरत नाहीत, कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून हौद ओतून उन्हात ठेवला, पण भिंत घासली नाही, तर काम झालंच नाही.

दुसरी चूक तळाची. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या गरमीत सात-आठ दिवस लागतात. पाचव्या दिवशी तळाच्या अर्ध्या फूट पाण्यात मोठ्या अळ्या असतात. ते पाणी तसंच ठेवून वरून नवं पाणी सोडलं की त्यांना हवे ते आणखी दोन-तीन दिवस मिळतात आणि आठव्या दिवशी डास बाहेर. हौद कधी पूर्ण रिकामा होतच नाही, ही सोलापूरची खरी अडचण.

करायचं असं. तळाचं पाणी बादलीने काढा, दुहेरी सुती कापडातून गाळा आणि फरशी, संडास, झाडांना वापरा. अळ्या कापडावर राहतात, ते कापड उन्हात फरशीवर पसरा, तासाभरात मरतात. मग काथ्याने किंवा ताठ केसांच्या ब्रशने भिंत वरपासून खालपर्यंत घासा, कोपरे आणि झाकणाच्या आतली कड धरून. फक्त पाण्याच्या रेषेवर घासून भागत नाही, कारण रेषा रोज बदलत होती. घासलेलं पाणी गटारात किंवा शेजारच्या भांड्यात नको, उन्हातल्या मातीवर ओता.

बॅरलला दोन जागा सगळे विसरतात. तोंडाजवळची आतली गोल खाच आणि बुडाची कड. बॅरल आडवा करून हात आत घालून तिथं घासा.

पाळी पाच दिवसांची असेल तर प्रत्येक पाळीला घासा. एक आड एक केलंत तर दहा दिवस होतात, तेवढ्यात डास उडून जातो.

जमिनीतला हौद मोठा असेल तर माणूस आत उतरवू नका, विशेषतः तो बरेच दिवस बंद असेल तर. आत हवा खराब असते. लांब काठीला ब्रश बांधा आणि वरून घासा.

टाकीमिस्त्री

झाकलेलं आहे म्हणजे बंद आहे असं नाही. लोकांच्या हौदावर झाकण असतं, पण डासाला बोटभर फट पुरे.

हौदावर पत्र्याचं झाकण असेल तर कड गंजून वाकलेली असते. कडेला रबराची पट्टी लावा, सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून चिकटवली तरी चालते. झाकणाला मोटारीचा पाईप जायला भोक पाडलेलं असतं ते पाईपपेक्षा मोठं असतं. त्यात कापड कोंबू नका, ते भिजतं आणि ओल्या कापडावरही मादी अंडी घालते. सिमेंटने किंवा रबरी वायसरने बंद करा.

वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाईप हा सगळ्यात मोठा दरवाजा. त्याच्या तोंडाला डासांची नायलॉन जाळी बांधा, छिद्र सव्वा मिलिमीटरपेक्षा मोठं नको. जाळी तारेने नाही, पाईपच्या क्लॅम्पने आवळा, नाहीतर पहिल्या जोराच्या पाण्यात निघते. संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाईपलाही तीच जाळी, तो क्युलेक्ससाठी.

बॅरलला झाकण नसतं कारण त्यात सारखी घागर बुडवायची असते. तिथं जुनं सुती धोतर दुहेरी करून तोंडावर ढोलासारखं ताणून बसवा आणि ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधा. चादर वापरू नका, जाड आहे, ताणत नाही. कापड मधे झोळ पडता कामा नये. पाऊस आला की झोळात पाणी साचतं आणि बॅरलऐवजी झाकणावरच अळ्या होतात. आणि कापड पाण्याला टेकता कामा नये, म्हणून बॅरल काठोकाठ भरू नका, चार बोटं जागा ठेवा.

सगळ्यात चांगलं म्हणजे बॅरलच्या बुडाजवळ अर्ध्या इंचाची तोटी बसवून घ्या. मग वरून उघडायची गरजच राहत नाही. तोटी बुडापासून दोन इंच वर ठेवा, खालचा गाळ तोटीत येत नाही. पण त्या दोन इंचांचं पाणी पाळीच्या आदल्या दिवशी बॅरल आडवा करून काढायचंच.

पाणी_तपासणी

टीसीएलचा गैरसमज सगळ्यांत पसरलाय, म्हणून स्पष्ट लिहितो. पिण्याच्या पाण्यासाठी जेवढं क्लोरीन टाकतो तेवढ्यात एडिसची अळी मरत नाही. ते जंतूंसाठी आहे, गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉईड यांच्यासाठी. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करायची आहेत.

प्रमाण असं. ताजी ब्लीचिंग पावडर म्हणजे साधारण 33 टक्के क्लोरीन असलेली. 1000 लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. घरात अडीच ग्रॅम मोजणं जमत नाही, म्हणून आधी द्रावण करा. प्लास्टिकच्या बाटलीत 1 लिटर पाणी, त्यात 25 ग्रॅम पावडर, हलवा, अर्धा तास स्थिर ठेवा, वरचं निवळ घ्या. 200 लिटरच्या बॅरलला यातलं 20 मिली, 20 लिटरच्या पिण्याच्या भांड्याला 2 मिली. इंजेक्शनच्या बिनसुईच्या सिरिंजने मोजा. टाकल्यावर तासभर थांबून मग प्या. द्रावण सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी संपवा, उद्याच्या द्रावणात दम राहत नाही. 0.5 ग्रॅमची क्लोरीनची गोळी मिळाली तर एक गोळी 20 लिटरला.

पावडर कुठली आहे यावर सगळं अवलंबून आहे. पोतं उघडं, ओलसर, ढेकळं झालेलं असेल, नाकाला झोंबत नसेल, तर ती माती समजा. म्हणूनच ओटी टेस्ट करावी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची तपासणी. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब किटवर लिहिल्याप्रमाणे टाकले की पिवळा रंग येतो, तो दहा सेकंदांच्या आत तक्त्याशी जुळवायचा. नळाच्या तोंडाशी निदान 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवं. रंगच आला नाही तर चावीवाल्याला आणि झोनच्या ऑफिसला कळवा, बॅरलला 20ऐवजी 30 मिली टाका आणि तासाने परत तपासा.

आणखी एक गोष्ट, जी पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात फार महत्त्वाची आहे. मधले दिवस पाईप रिकामे असतात. रिकाम्या पाईपला जिथं चीर आहे तिथून गटाराचं पाणी आत झिरपतं. पाणी सुटलं की तेच सगळ्यात आधी तुमच्या नळाला येतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नका, फरशीला, संडासाला ठेवा. आणि नळाला थेट मोटार लावून ओढलं की पाईपात उलटा ओढा तयार होतो, घाण आणखी खेचली जाते, शेजाऱ्याच्या वाट्यालाही तीच येते. हौदात पाणी पडू द्या, मोटार हौदाला लावा.

भिंतीसाठी मात्र ब्लीचिंगचा वेगळा उपयोग आहे. पावडरीत थोडं पाणी घालून पातळ पेस्ट करा, हौद रिकामा असताना ब्रशने भिंतीला लावा, पंधरा मिनिटं ठेवा, मग घासून धुवा. इतक्या तीव्र ब्लीचिंगने अंडी मरतात. रबरी हातमोजे घाला, झाकण उघडं ठेवा, हौदात तोंड घालू नका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. धुतलेलं पाणी काढून टाकल्यावरच नवं पाणी घ्या.

गल्ली_समिती_पूर्वभाग

हे फार उपयोगी आहे, आजच छापून घेतो. तीन शंका राहिल्या. औषध टाकलेलं पाणी ओतायचं की नाही? गप्पी मासे कुठं सोडायचे? आणि घरोघरी पाहणी केली तर नोंद कशी ठेवायची, म्हणजे पुढच्या महिन्यात फरक पडला की नाही ते कळेल?

कीटकसेवक

औषध म्हणजे टेमीफॉस. 1 टक्का दाणेदार असेल तर 10 लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या बॅरलला 20 ग्रॅम. प्रमाण भांड्याच्या पूर्ण क्षमतेवर धरायचं, आत्ता किती पाणी आहे त्यावर नाही. या मात्रेत ते पिण्याच्या पाण्यालाही धोकादायक नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही ही मात्रा मान्य केलेली आहे. वास येतो हे खरं. ओतू नका, पण ज्यांना पिववत नाही त्यांनी प्यायचं पाणी वेगळं घागरीत भरून ठेवावं आणि ते भांडं झाकावं. बाटलीतलं द्रव औषध घरच्यांनी हाताळू नये, ते आरोग्य सेवकांचं काम.

एक लक्षात घ्या. जी घरं प्रत्येक पाळीला घासतात त्यांच्या हौदात औषध टिकत नाही, धुऊन जातं, आणि त्यांना त्याची गरजही नाही. ज्यांचा हौद रिकामा होतच नाही, मोठा आहे, बंद घरात आहे, औषध तिथं टाकायला सांगा. कोष झालेल्या, म्हणजे डास व्हायच्या आधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांवर टेमीफॉस चालत नाही, कारण कोष काही खात नाहीत. म्हणून औषध टाकल्यावरही एक-दोन दिवस डास निघतात. "औषध बोगस आहे" अशी तक्रार बहुतेकदा यामुळेच येते.

गप्पी मासे जुना आड, जनावरांचा हौद, बांधकामाची पाण्याची टाकी इथं सोडा, चौरस मीटरला पाच ते दहा. ज्या हौदात टीसीएल टाकता तिथं नकोत, मरतात. आणि सिद्धेश्वर किंवा संभाजी तलावात कुणी हौसेनं सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना त्रास होतो.

अळी बघायची पद्धत. झाकण हळू काढा. सावली पडली की अळ्या बुडी मारतात, म्हणून वाकून बघितल्यावर पाणी रिकामं वाटतं. मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरा आणि पूर्ण एक मिनिट हलू नका. श्वास घ्यायला त्या वर येतात, डोकं खाली, शेपटी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून तिरक्या लटकतात, नागमोडी हलतात. स्वल्पविरामासारखे वाकडे दिसतात ते कोष, म्हणजे दोन दिवसांत उडणार. पांढऱ्या मगात एक घोट पाणी घेतलं की स्पष्ट दिसतं.

नोंद साधी ठेवा. किती घरं पाहिली, किती घरांत अळ्या सापडल्या, एकूण किती भांड्यांत सापडल्या. 40 घरांपैकी 6 घरांत सापडल्या तर घर निर्देशांक 15. त्या 40 घरांत मिळून 10 भांडी सापडली तर ब्रेटो निर्देशांक 25, म्हणजे शंभर घरांमागे 25 भांडी. भांड्याचा प्रकारही लिहा, हौद, बॅरल, कूलर, टायर. दोन फेऱ्यांत कळेल की तुमच्या गल्लीत डास मुख्यतः कशात तयार होतोय. मग सगळ्यांनी सगळं करण्यापेक्षा त्याच एका प्रकारच्या भांड्यावर जोर द्या.

धुराबद्दल सांगायचं राहिलं. धूर फक्त त्या क्षणी हवेत उडत असलेल्या डासाला लागतो. एडिस घरात, टांगलेल्या कपड्यांमागे, पलंगाखाली बसतो. दारं-खिडक्या बंद करून धुरापासून लपलात तर डासही तुमच्याबरोबर आत सुरक्षित राहतो. अळ्या आणि अंड्यांना धुराने काहीही होत नाही, आठवड्यात नवी तुकडी तयार. उद्रेकात पेशंटच्या घराभोवती धूर मारण्याला अर्थ आहे. हौद न घासता दर आठवड्याला धुराची मागणी करण्याला नाही.

आशा_गटप्रवर्तक

घरोघरी जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी.

हा डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधी. पूर्वभागात विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर उंबऱ्याजवळ खाली बसून काम करतात, पाय उघडे, हात गुंतलेले. त्यांना सगळ्यात जास्त धोका. रात्रीची मच्छरदाणी त्यांच्या उपयोगाची नाही. पायमोजे किंवा पायावर जुना पंचा, शेजारी पंखा, आणि दिवसा झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणी. पानं भिजवायचं पाणी रोज बदलत असाल तर त्याची काळजी नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात कोपऱ्यात भरून ठेवलेला, कुणीच न वापरणारा बॅरल मात्र नक्की बघा.

"तुमच्या घरात अळ्या आहेत" असं दारातून सांगू नका, बाई दार लावून घेते. मगात पाणी काढून तिच्या हातात द्या आणि तिलाच बघू द्या. घरात तेलुगू बोलत असतील तर बोलणारं कुणी सोबत न्या, "दोमा" म्हटलं की आजीही पुढे येऊन बघते. कन्नड घरात "सोळ्ळे" म्हणा. पत्रकंही त्या भाषेत हवीत. मराठी पत्रक घेऊन चुलीजवळ ठेवलं जातं.

ज्या घरी पेशंट आहे तिथं पहिले पाच दिवस पेशंटलाच मच्छरदाणीत ठेवा, दिवसासुद्धा. पेशंटला शिवून डेंग्यू होत नाही, पण त्याला चावलेला डास पुढे आठ-दहा दिवसांनी आख्ख्या गल्लीला देतो.

तापात फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरने सांगितलेल्या मात्रेत. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, रक्तस्राव वाढतो. डेंग्यूसाठी रक्ताची तपासणी पहिल्या पाच दिवसांत एनएस1, त्यानंतर आयजीएम. लोक ताप उतरला की निश्चिंत होतात, पण धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात, तिसऱ्यापासून सातव्या दिवसापर्यंत. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, गुंगी, यातलं एकही दिसलं तर पपईच्या पानांचा रस पाजत बसू नका, लगेच सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. पाणी, ताक, भाताची पेज, ओआरएस घोट घोट चालू ठेवा.

टाकीमिस्त्री

कूलरचं कुणी बोललं नाही. सोलापुरात जूनमध्ये कूलर बंद करून गच्चीवर किंवा जिन्याखाली सारतात, तळाशी दोन बोटं पाणी तसंच. अंडी ट्रेच्या कडेला आणि गवताच्या ताटीला चिकटलेली असतात. पुढच्या मार्चमध्ये पाणी भरलं की तीच फुटतात. ठेवताना ट्रे ब्लीचिंगच्या पेस्टने घासा, ताटी काढून जाळा किंवा टाकून द्या, नवी बसवताना घ्या. चालू असताना पाळीच्या दिवशी हौदाबरोबर कूलरही रिकामा करून घासा.

फ्रिजच्या मागे खाली एक छोटा ट्रे असतो, बर्फ वितळलेलं पाणी त्यात साचतं. बऱ्याच घरांना तो आहे हेच माहीत नसतं. फ्रिज पुढे ओढा, ट्रे सरकवून काढा.

बंद घरांचं असं करा. मालक पुण्याला किंवा भिवंडीला असेल तर त्याला फोन करून एक चावी शेजारी ठेवायला सांगा. ते जमलं नाही तर त्या घराचा बाहेरचा नळजोड बंद करून घ्या आणि ओव्हरफ्लोच्या पाईपला बाहेरून जाळी बांधा, शिडी लावून पाच मिनिटांचं काम आहे.